अडतीस माणसांचं पाणी

देठे साहेब पैसे खाणारे असते तर माझं काम सोपं झालं असतं.

गावातल्या आमच्या संघटनेची पत्रकं मीच लिहिते, आणि खाणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध पत्रक लिहायला अर्धा तास पुरतो. शब्द तयारच असतात, वर फक्त नाव बदलायचं. देठे साहेबांविरुद्ध मी दोन पत्रकं काढली आणि दोन्ही वेळा कोऱ्या कागदासमोर बसून राहिले. माणूस रुपयाला शिवत नव्हता. सकाळी साडेसातला गावात हजर असायचा. टँकर वेळेवर आणायचा. तरीही मी तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणते, की त्या दुष्काळात त्यांनी आमच्या गावावर अन्याय केला. फक्त आता ते वाक्य 'त्यांनी' वर सुरू करून त्यांच्यावरच संपवता येत नाही. चीड येते ती त्याचीच.

आमचं गाव जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला, पाथर्डीच्या पलीकडं. सरपंचाची मुदत संपली आणि निवडणूक काही लागली नाही. का लागली नाही याची कारणं दर महिन्याला नवी. त्यातच पाऊस गेला. मग अशा वेळी वरून जे करतात ते झालं. पंचायत समितीतला एक विस्तार अधिकारी आमच्यावर प्रशासक म्हणून आला. सरपंच तोच, सदस्य तोच, ग्रामपंचायतही तोच. नऊ जणांनी भांडून ठरवायचं ते आता एका सहीत.

ती सही देठे साहेबांची. पन्नाशीचा, उंच, वाळलेला माणूस. शेतकी इंजिनिअर. खिशात पेन नाही, दोन पेन्सिली. "पेननं लिहिलं की माणूस आपली चूक राखत बसतो," म्हणायचे. बैलगाडीनं मागं टाकावं एवढ्या वेगानं मोटारसायकल चालवायचे, तीही हेल्मेट घालून. गावात शिरल्यावर पहिलं काम म्हणजे विहीर. पिशवीतून दोरी काढायचे. तिच्या टोकाला लोखंडी नट आणि दर हाताला गाठ. नट विहिरीत सोडायचा, पाण्याला टेकला की गाठी मोजायच्या, वहीत लिहायचं. मारुतीच्या पारावरची म्हातारी मंडळी लांबून हाक मारायची, "काय साहेब, घावला का मासा?"

"दीड हात खाली गेलं," साहेब उत्तर द्यायचे. हसायचे नाहीत. विनोद त्यांना कळत नसावा असं आम्हाला वाटायचं. कळत होता. वेळ नव्हता.

चहाचं प्रकरण त्यातलंच. साहेबांनी ठरवलं, दुष्काळात गावातल्या कुणाच्याही घरी चहा घ्यायचा नाही, चहाला पाणी लागतं. स्वतःची बाटली मोटारसायकलला लावून यायचे आणि तीच प्यायचे. आता या माणसाला कुणी सांगावं, की आमच्याकडं चहा नाकारला म्हणजे घर नाकारलं! खालच्या आळीला वाटलं, हे वरच्या आळीत पितात. वरच्या आळीला वाटलं, हे बबनरावांच्या वाड्यावर पितात. बबनराव म्हणजे आमचे माजी सरपंच. ते स्वतः मला विचारत होते, "ताई, तो देठे तुमच्या संघटनेकडं चहाला येतो म्हनं?" एका माणसानं कुणाचाच चहा घेतला नाही आणि प्रत्येक घरानं त्याला शत्रूच्या ओट्यावर बसवलं. गेला बाजार एकदा कुणाशी बोलला असता तर आठ दिवसांत मिटलं असतं. पण बोलणं हे त्यांच्या कामात कुठं बसतच नव्हतं. ते म्हणायचे, "आधी पाणी. भांडण नंतर."

आणि पाणी त्यांनी आणलं, हे मला लिहावंच लागेल. बबनरावांच्या काळात टँकर गावात शिरण्याआधी त्यांच्या गोठ्याशी थांबायचा. उरलेलं गावाला. साहेबांनी पहिला आठवडा टँकरच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरशेजारी, हेल्मेट मांडीवर घेऊन काढला. बबनरावांनी गोठ्याशी हात केला. ड्रायव्हरनं सवयीनं ब्रेक दाबला.

"काय झालं? पंक्चर?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई, अण्णा हात करत्यात."

"मग तुम्हीही हात करा. आणि चला."

ड्रायव्हरनं खरोखरच हात केला. ही गोष्ट तालुक्यात महिनाभर फिरली. मग साहेबांनी प्रत्येक वस्तीवर प्लॅस्टिकची टाकी बसवली, माणशी पाणी काढलं, खेपांचा तक्ता करून कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवला. बायका तक्ता बघून हंडे लावायला लागल्या. माझी आई म्हणाली, "असाच ऱ्हाऊ दे बाई हा मानूस. निवडनूक नगं."

हे ऐकलं आणि मी दुसरं पत्रक लिहायला बसले. 'बिनविरोध राजा' हे त्याचं नाव. प्रशासक म्हणजे कुणीही न निवडलेला आणि कुणालाही उतरवता न येणारा राजा, असं पहिलंच वाक्य. हा राजा चांगला निघाला हा योगायोग, उद्या वाईट निघाला तर कुणाकडं जाणार, असं दुसरं. दोन्ही वाक्यं मला आजही पाठ आहेत. ती पुढं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागली, म्हणून जास्तच.

पत्रक वाटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला कार्यालयात बोलावलं. मी भांडायच्या तयारीनं गेले. त्यांनी माझंच पत्रक पुढं सरकवलं. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"मॅडम, तिसऱ्या परिच्छेदात खालच्या आळीच्या खेपा चुकल्यात. आठवड्याला पाच जातात, तुम्ही तीन लिहिल्यात. पुढच्या छपाईत दुरुस्त करा."

"आणि बाकीचं?"

"बाकी मत आहे. ते मी तपासत नाही."

असा अपमान माझा आमदारानंसुद्धा केला नव्हता.

मी म्हणाले, "साहेब, ग्रामसभा का घेत नाही?"

"घेतली ना जानेवारीत."

घेतली होती. पहिल्या दिवशी पुरेशी माणसं जमली नाहीत म्हणून सभा तहकूब. आणि तहकूब सभेला माणसांची अट लागत नाही. दुसऱ्या दिवशी अकरा जणांत वर्षाचा आराखडा मंजूर. कायद्यात बसणारं, माणसात न बसणारं.

"ती सभा होती? अकरा माणसं?"

"मॅडम, सभा घेतल्यानं विहिरीत पाणी वाढेल का?"

"पाणी नाही वाढणार. पण कुणाला किती, हे लोक ठरवतील."

"लोकांनी ठरवलं तेव्हा टँकर गोठ्यात जात होता," ते म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढायला लागले.

उत्तर माझ्याकडं होतं. गोठ्यात टँकर नेणं लोकांनी ठरवलं नव्हतं, बबनरावांनी ठरवलं होतं. पण हे मला घरी पोचल्यावर सुचलं. माझी चांगली उत्तरं नेहमी घरी पोचल्यावर सुचतात.

आता मुरूमवस्तीबद्दल. गावापासून अडीच किलोमीटर, चढाची वाट. तिथलं जवळजवळ प्रत्येक घर ऊसतोडीला जातं. दिवाळी झाली की दाराला कुलूप लावून टोळ्या कोपरगावच्या बाजूला कारखान्यांवर निघतात, गुढीपाडव्याच्या मागंपुढं परत येतात. गावात कुणाला हे माहीत नाही असं नाही. म्हणूनच ते कुणी कुणाला सांगत नाही.

साहेबांनी माणसं मोजली ती थंडीत. दुसरा कुणी अधिकारी कागदावरचा जुना आकडा उचलून मोकळा झाला असता. हे स्वतः दारोदार गेले. रकाने दोन: घर चालू, घर बंद. मुरूमवस्तीवर कुलपंच कुलपं. मागं राहिलेली म्हातारी माणसं, काही लेकरं, शेळ्या. साहेबांनी हजर माणसं मोजली. अडतीस. अडतीस माणसांना आठवड्याला अर्धा टँकर. तक्त्यावर चढलं, वर मंजूरही झालं. इतकी प्रामाणिक मोजणी आमच्या तालुक्यात कधी झाली नसेल. इतकी चुकलेलीही.

आणि मी? तो तक्ता मी रोज बघत होते. अडतीस वाचत होते. 'बिनविरोध राजा' छापायच्या धांदलीत होते. खेपा तीन की पाच, हेच मी चुकवलं, तर अडतीसवर बोट कधी ठेवणार?

पाडव्याच्या आधीच टोळ्या आल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोयते, कोंबड्या, वर बसलेली पोरं. दोन दिवसांनी अर्धी खेप टाकीत पडली आणि दुपारच्या आत टाकीचा तळ दिसला. पुढची खेप सात दिवसांनी.

साहेबांना कळलं त्याच दिवशी ते वस्तीवर गेले. मीही गेले. चंद्रकलाबाई म्हणून तिथल्या एका टोळीच्या कर्त्या बाई, त्यांनी साहेबांना टाकीपाशीच अडवलं.

"साहेब, आमी मेलो न्हवतो. ऊस तोडाय गेल्तो."

साहेबांनी वाकून टाकीचा तळ बघितला.

"शेळ्या मोजल्या का वो तुमी? का त्याबी सोडल्या?"

बायका हसल्या. ते हसणं ऐकवत नव्हतं. साहेबांनी वही उघडली, परत मोजायला सुरुवात केली. घर, नाव, माणसं. संध्याकाळपर्यंत मोजत होते. परत येताना उतारावर मोटारसायकल थांबवून मला म्हणाले, "मी कोपरगावचा. आमच्या रानात दरवर्षी टोळ्या यायच्या. दिवाळी झाली की उसाच्या कडेला पाचटाच्या कोपी उभ्या राहायच्या. लहानपणापासून बघत आलोय, ही माणसं येतात. ती घरी जातात, हे डोक्यात आलं नाही."

त्या माणसानं मला सांगितलेली ही एकमेव खासगी गोष्ट. ती मी चौथ्या पत्रकात वापरणार होते. नाही वापरली.

पुढचं मात्र नीट लिहिते, कारण इथं चूक त्यांची नाही. कार्यालयात पोचल्यावर ते म्हणाले, "वाढीव खेपांचा प्रस्ताव आज पाठवतो. मंजुरीला आठ-दहा दिवस लागतील. तोवर गावठाणाच्या रोजच्यातली एक खेप उद्यापासून वस्तीला वळवतो. आदेश आजच काढतो."

मी म्हणाले, "परत तुम्ही एकटेच ठरवणार?"

"पाणी उद्या पाहिजे, मॅडम."

"परवा सभा घ्या. लोकांना विचारून वळवा. गाव काही निर्दयी नाही."

"विचारलं आणि नको म्हणाले तर?"

"नाही म्हणणार."

मी इतक्या खात्रीनं बोलले की त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि आदेशाचा कागद ठेवून दिला. तिसरं पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. घरोघर दिलं. सभेला या, आपलं पाणी आपण ठरवू.

सभेला लोक आले. असे आले की शाळेच्या पटांगणात बसायला जागा उरली नाही. बायका आल्या, पारावरची म्हातारी मंडळी आली. मुरूमवस्तीवरून चंद्रकलाबाई पंधरा-वीस बायका घेऊन चालत आल्या. वस्तीचे पुरुष बरेचसे नव्हते, कुणी नागापूरला एमआयडीसीत हजेरीवर, कुणी विहीर खोदायला. मी पटांगण बघून हरखले होते. साहेब कोपऱ्यात उभे होते, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

चंद्रकलाबाई बोलल्या. लांबलचक नाही. "आमी तुमचेच हौत. येक खेप द्या, मंजुरी येस्तोवर."

टाळ्या पडल्या. मग बबनराव उठले. पांढरी टोपी नीट केली. म्हणाले, "बाई बोलल्या ते खरं हाय. आपन समदे येकच. मग ह्या वस्तीला इतकं, त्या आळीला तितकं, ही वाटनी कशापाई? हा भेदभाव कुनी आनला? आपन न्हाई आनला. माझं म्हननं येकच. टँकर गावच्या इहिरीत रिता करा. ज्याला लागंल त्यानं येऊन न्यावं. येक गाव, येक इहीर!"

काय वाक्य होतं! मीच लिहिलं असतं. पटांगण उसळलं. अडीच किलोमीटर चढावर हंडा कोण नेणार, हे विचारायला मी उभी राहिले, तर माझा आवाज माझ्याच कानाला पोचेना.

साहेबांनी हात वर करायला सांगितले. एकदा मोजले. परत मोजले. वर आलेल्या हातांत माझ्या आईचा हात होता. घरी मी बोलले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "दोन हंडं कमी आलं की चूल कशी चालती, त्ये तुझ्या पत्रकाला कळत न्हाई."

ठराव झाला. वस्तीची टाकी बंद. वाढीव खेपा मंजूर झाल्या तरी त्याही गावच्या विहिरीत. मुरूमवस्तीला अडतीस माणसांचं मिळत होतं, तेही गेलं. पटांगणातून बाहेर पडताना चंद्रकलाबाई माझ्यापाशी थांबल्या.

"ताई, सभा तुमीच मागितली ना?"

"हो."

"बरं झालं. आता कुनाला नावं ठेवाया नकोत." आणि बायकांना घेऊन चढाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी विहिरीवर होते. साहेबांच्या आधी.

"साहेब, आदेश काढा."

"कुठला?"

"वस्तीला खेप द्या. ठराव बाजूला ठेवा. तुम्ही प्रशासक आहात."

त्यांनी दोरी गुंडाळली. "तुमचं दुसरं पत्रक माझ्याकडं आहे."

"माहीत आहे मला काय लिहिलंय ते!"

"मग सांगा. चांगला राजा हवाय की सभा हवीय?"

"वस्तीला पाणी हवंय," मी म्हणाले. रडायला आलं होतं, ते त्यांना दिसलं असावं, कारण ते लगेच दुसरीकडं बघायला लागले. मग त्यांनी पिशवीतून नियमांचं चोपडं काढलं. वस्ती उद्भवापासून, म्हणजे पाण्याच्या जागेपासून, ठराविक अंतराच्या पलीकडं असली तर तिला वेगळी खेप देता येते, असं कलम होतं. मोटारसायकल काढली, विहिरीपासून वस्तीपर्यंत जाऊन मीटरवरचा आकडा बघून आले. अंतर बसत होतं. आदेश निघाला. दुपारी खेप वस्तीवर पडली.

नऊ दिवस पडली.

दहाव्या दिवशी बबनरावांनी तालुक्याला मोर्चा नेला. हातात ठरावाची नक्कल. पंचायत समितीच्या दारात उभं राहून त्यांनी भाषण केलं, आणि ते मला शब्दाशब्दाला ओळखू आलं. "प्रशासक म्हनजे कुनीही न निवडलेला आन् कुनालाही उतरवता न येनारा राजा! हा राजा वाईट निघाला, आता आमी कुनाकडं जायाचं?" माझी वाक्यं. फक्त 'उद्या' काढून 'आता' घातलं होतं. मी गर्दीच्या कडेला उभी होते. पुढं होऊन काय बोलणार होते? की वाक्य खरं आहे, तोंड खोटं आहे? की ग्रामसभेचा ठराव मोडला तर मोडू द्या? आणि का म्हणून मी हे बोलू, जेव्हा ठराव मोडणं चूक आहे हे मला आजही पटतं? पत्रक काढणाऱ्या बाईला त्या दिवशी एक शब्द सुचला नाही.

साहेबांना जिल्ह्याच्या कार्यालयात टेबलाच्या कामाला बसवलं. जागी आलेले नवे प्रशासक गावात येत नाहीत, सह्या तालुक्याला करतात. ते ग्रामसभेचा मान राखतात. टँकर गावच्या विहिरीत रिता होतो. वाढीव खेपांची मंजुरी आली तेव्हा मुरूमवस्तीच्या दारांना परत कुलपं लागायला सुरुवात झाली होती, या वेळी उन्हाळ्यात. निवडणूक अजून लागलेली नाही. बबनराव तयारीत आहेत. 'येक गाव, येक इहीर' असा फलक त्यांनी वेशीत लावलाय.

साहेब मला त्यानंतर एकदाच दिसले, नगरला बसस्टँडवर. मी संघटनेच्या बैठकीहून परतत होते. कोपरगावच्या बसच्या रांगेत उभे होते, काखेत फाईल. मी जाऊन नमस्कार केला. माफी मागायची होती की भांडायचं होतं, माझं मलाच ठरलेलं नव्हतं. त्यांनी दोन्हीला जागा दिली नाही. सरळ विचारलं, "मुरूमवस्तीवर किती माणसं राहिलीत?"

"बरीच गेली, साहेब. नागापूरला, पुण्याला. चंद्रकलाबाईही गेल्या."

"बरीच म्हणजे किती, मॅडम?"

बस फलाटाला लागली. रांग पुढं सरकली. मागचा माणूस "चला की वो" म्हणाला, तरी ते पायरीवर एक पाय ठेवून माझ्याकडं बघत थांबले होते.